चायना ग्रासची कुळकथा



भात निघाल्यावर वाल, हरभरा पेरताना आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो. या जिवाणूंचे मूळ वाण प्रयोगशाळेत कशावर जपतात? तर समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेल्या ‘आगर’ या पदार्थावर. आगर म्हणजे आपले मिठागर नव्हे, बरं का! हा शब्द मलाय भाषेतला. वाण्याकडे हेच चायना ग्रास म्हणून मिळते.

त्याला प्रयोगशाळेत आणले एका गृहिणीने. जर्मनीत १८८१ साली डॉक्टर हेसे जिलेटिनवर जंतू वाढवीत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळे, काही जंतू तर तेच खाऊन पातळ करीत. त्यांच्या पत्नी फॅनीबाईंनी स्वयंपाकातले आगर सुचविले. ते चाळीस अंशांच्या खाली घट्ट होते आणि पुन्हा वितळायला ऐंशीच्या वर उष्णता लागते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली त्याचा उल्लेख केला आणि ही रीत जगभर गेली. आज टिश्यूकल्चर केळीची रोपेही बाटलीत यावरच वाढवतात.

आगर काढण्याची जुनी रीत सोपी आहे. शेवाळ धुऊन उन्हात वाळवायचे, पाण्यात उकळून गाळायचे, वडी थापून गोठवायची. वितळताना पाणी निघून जाते, आगर मागे राहते.

तपकिरी शेवाळाची गोष्ट वेगळी. स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञाने १८८१ मध्येच त्यातून सोड्याच्या पाण्याने अल्जिनेट काढले. जखमेची पट्टी, दातांचा साचा, आइस्क्रीम, कापडाची छपाई, सगळीकडे ते लागते.

आगराचा व्यापार मात्र जपानच्या हाती होता. महायुद्धात १९४१ नंतर तो माल बंद झाला, तेव्हा कुठे आपल्याकडे दक्षिण किनाऱ्यावरच्या शेवाळाकडे लक्ष गेले. पुढे १९५४ साली भावनगरला मीठ संशोधन संस्था निघाली आणि तिनेही हे काम हाती घेतले.

आता आपल्या किनाऱ्याचे. लागवडीचे शेवाळ तमिळनाडूत तराफ्यांवर होते. आपल्याकडे पाणी गढूळ आणि पावसाळ्यात गोडे, म्हणून तिकडचा हिशेब इकडे धरू नये. दुसरे असे की, अल्जिनेट जड धातूंना धरून ठेवते. तारापूर वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूला समुद्रात जाते, आणि २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तारापूरला अतिप्रदूषित क्षेत्रांत धरले होते. तेव्हा तिकडचे शेवाळ खाण्यासाठी किंवा गुरांपुढे टाकण्यासाठी आणू नये. नारळाच्या आळ्यात घालायचे झाले तरी आधी धातूंची तपासणी करून घ्यावी.