नायजेरियात नोकरीला जाताना
नायजेरिया हा बावीस कोटींहून अधिक वस्तीचा, आफ्रिकेतील सर्वाधिक लोकसंख्येचा देश. १९९१पासून राजधानी अबुजा असली, तरी भारतीयांच्या नोकऱ्या प्रामुख्याने लागोस शहर व परिसरातच आढळतात.

परदेशी माणसाला नेमण्यासाठी तेथील कंपनीजवळ त्या पदाचा सरकारी कोटा असावा लागतो. मालक बदलला की कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून. 'आधी बिझनेस व्हिसावर या, पुढचे पाहू' म्हणणाऱ्यांपासून दूर राहिलेलेच बरे.

पगार कोणत्या चलनात, हे निघण्यापूर्वीच विचारावे. जून २०२३मध्ये सरकारने नायराचा दर बाजारावर सोडला. त्याआधी डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४अखेर दीड हजारांहून अधिक. ज्यांचे करार नायरात होते, त्यांनी घरी पाठवायची रक्कम जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आली. करार वाचायला कंटाळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

घरभाडे बहुधा वर्षाचे आगाऊ मागतात. वीज बेभरवशाची असल्याने जनरेटरच्या डिझेलचा खर्च कोणाकडे, तेही लेखी असावे.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र आजन्म वैध असते. परतताना ते जवळ नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. तेथील हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. सुटीवर घरी आल्यावर ताप आला, तर आपण नायजेरियातून आलो आहोत, हे डॉक्टरांना आधी सांगावे.