सातपुड्यातील सांबर आणि गोळीच्या वजनाचा वाद

सांबर हा भारतातील मृगकुलाचा सर्वांत मोठा प्राणी असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन अडीचशे ते तीनशे किलोपर्यंत भरते. त्याच्या खांद्याचे हाड जाड आणि जीव चिवट असल्यामुळे, गोळी वर्मी लागली नाही तर तो ती अंगात घेऊनच दरीत उतरतो आणि झाडोऱ्यात दिसेनासा होतो. १८६१ साली स्थापन झालेल्या आणि नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात शिकार करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना ही अडचण वारंवार येत असे. गोळी किती वजनाची असावी, यावर त्या काळात झालेला वाद तांत्रिक भाषेत मांडला गेला. मात्र मारणाऱ्यावर प्राण्याच्या मरणाची कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न त्यातून हळूहळू स्पष्ट होत गेला.

ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी गजाने ठासून भरावयाच्या बंदुकीत, शिशाची वाटोळी गोळी वापरली जाई. एका पौंड शिशापासून नळीत बसतील अशा जितक्या गोळ्या होत, तितक्या ‘बोअर’ची ती बंदूक मानली जाई, त्यामुळे १२ बोअरच्या गोळीचे वजन पौंडाचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ५८३ ग्रेन किंवा सव्वातीन तोळे भरे. वाटोळ्या गोळीचे वजन वाढवावयाचे तर तिचा व्यासही वाढवावा लागतो, आणि व्यास वाढला की नळी जाड, बंदूक जड व खांद्याला बसणारा धक्का मोठा होतो. वजन वाढवण्याला ही एक नैसर्गिक मर्यादा होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लांबट, निमुळत्या टोकाची गोळी सैन्यात रूढ झाली, तेव्हा ही मर्यादा सुटली, कारण व्यास तोच ठेवून केवळ लांबी वाढवली तरी वजन वाढू लागले. पण अशी गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतील पेचदार खाचांनी तिला वेगाने फिरवावे लागे, आणि दारू जास्त भरली तर मऊ शिसे त्या खाचा सोडून सरळ निसटे. परिणामी दारू बेताची, वेग कमी आणि गोळीचा मार्ग कमानीसारखा वाकडा होई, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम खाली किंवा वर जाई. १८६२ मध्ये सातपुड्याच्या पाहणीवर गेलेल्या जेम्स फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या ग्रंथात याच कारणासाठी वाटोळ्या गोळीचा पक्ष घेतला: खाचांचा पेच मंद ठेवून दारू भरपूर घातली, तर जंगलातील थोड्या अंतरावर गोळी जवळजवळ सरळ जाते आणि रुंद जखम करते, असे त्याचे प्रतिपादन होते.

त्यापूर्वीच, १८५६ च्या सुमारास, लंडनच्या पर्डी या कारागिराने वेगवान आगगाडीचे नाव दिलेल्या रायफली बनवल्या होत्या, आणि त्यावरून ‘एक्सप्रेस’ रायफल हा प्रकारच रूढ झाला. तिच्यात व्यासाच्या मानाने हलकी आणि बहुधा टोकाशी पोकळ ठेवलेली गोळी भरपूर दारूने उडवली जाई, व ती शरीरात शिरताच फुलत असे. काळविटासारख्या हलक्या प्राण्यावर ती फार प्रभावी ठरली. परंतु मोठ्या प्राण्याच्या हाडावर अशी गोळी फुटून तुकडे होते आणि आतील अवयवांपर्यंत पोहोचत नाही, असा आक्षेप सॅम्युअल बेकर याने १८९० च्या आपल्या ग्रंथात जोराने मांडला, आणि ०.५७७ इंची रायफलीसाठी सुमारे ६५० ग्रेनची, मऊ शिशाची भरीव गोळी पसंत केली.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूरविरहित दारूचा शोध लागल्यावर वेग इतका वाढला की उघडे शिसे तो सोसू शकेना आणि गोळीवर कठीण धातूचे कवच चढवावे लागले. ०.३०३ इंची लष्करी रायफलीची २१५ ग्रेनची कवचबंद गोळी खोल जाई, पण जखम अरुंद करी. म्हणून कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. अशा फुलणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर १८९९ च्या हेग परिषदेने निषिद्ध ठरवला, शिकारीत मात्र त्या राहिल्या. १९१२ मध्ये निघालेल्या ०.३७५ इंची हॉलंड अँड हॉलंड रायफलीला २३५, २७० व ३०० ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि प्राण्यानुसार वजन निवडण्याची पद्धत पक्की झाली. वजन, व्यास, वेग आणि गोळीची घडण यांचा मेळ बसला तरच एकट्या वजनाला अर्थ येतो, हा निष्कर्ष पन्नास वर्षांच्या अनुभवातून निघाला होता.

या अनुभवाची नोंद साहेबांच्या ग्रंथांत झाली, तरी जखमी जनावराचा माग रक्ताच्या थेंबांवरून काढण्याचे काम बहुधा गोंड आणि कोरकू वाटाड्यांनाच करावे लागे. चुकीच्या गोळीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्यांच्याइतके जवळून क्वचितच कोणी पाहिले असेल. पुढे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली, व १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही संपली. याउलट, शिकार चालू असलेल्या स्वीडनमध्ये मूस या मोठ्या हरणासाठी गोळीचे किमान वजन आणि शंभर मीटरवरील ऊर्जा आजही कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. दोन्ही देशांच्या मार्गांत मोठे अंतर असले, तरी प्राण्याचे मरण शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे मान्य झालेले आहे, आणि ग्रेनांच्या त्या जुन्या वादाचे खरे महत्त्व याच तत्त्वाच्या घडणीत आहे.