तीनशे येनचा गंडम

डोळे उघड. 26 जानेवारी 1980, शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. तू नागोयातल्या एका घरात पांघरूण घातलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय सारून बसला आहेस. टेबलाखालच्या हीटरने पोटऱ्या शेकताहेत, बोटांना संत्र्याचा वास आहे. वय वर्षं दहा. टीव्हीवर ‘मोबाइल सूट गंडम’ या ॲनिमेशन मालिकेचा शेवटचा भाग लागलाय.

52 भाग ठरले होते, हा 43 वा. मालिकेचा खर्च उचलणारी क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी. तिचे रोबो हवे तसे खपेनात, म्हणून मालिका आटोपती घेतली. तुला यातलं काही ठाऊक नाही. तुला दिसतोय तो मुंडकं उडालेला, डावा हात तुटलेला महाकाय रोबो, गंडम. तशातही तो उजव्या हातातली बंदूक वर रोखून झाडतो. तुझ्या पोटात कालवतं.

फडताळातलं क्लोव्हरचं खेळणं हातात घे. धातूचं, जड, गार. आज संग्राहक याच्यासाठी जीव टाकतात. पण आत्ता पडद्यावर जो लढला तो हा नव्हे, हे तुलाही कळतंय. दिग्दर्शक योशियुकी तोमिनोंनी युद्धाची गोष्ट सांगितली. खेळणं मात्र तिच्या प्रेक्षकांहून लहान मुलांसाठी घडवलेलं.

आता जुलैत ये. मॉडेलच्या दुकानात बांदाय कंपनीचा नवा खोका आलाय, किंमत 300 येन. खाऊच्या पैशात बसतो! खोक्यावर 1/144 असं छापलंय, विमानांच्या मॉडेलवर छापतात तसं. गोष्टीतला गंडम 18 मीटर उंच, म्हणजे हा साडेबारा सेंटिमीटर. त्या एका आकड्याने खेळण्याचं यंत्र झालं. याला खरी उंची आहे, हा कुठेतरी खरोखर उभा असू शकतो, असं वाटायला लागतं.

घरी येऊन खोका उघड. प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे भाग, सगळे पांढरे. आईचं नेलकटर आण आणि एकेक भाग तोडून घे. तोडल्या जागी बारीक टोक राहतं, ते घासून काढ. गोंद नाकात झोंबतो. जास्त लावलास तर सांध्यातून बाहेर येतो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. छाती निळी, पावलं लाल, सगळं तुलाच रंगवायचं. पाय पुढे-मागे हलतात, बाजूला फाकत नाहीत. चालेल. हा तू केलेला आहे.

मग शत्रूचा झाकू येतो, आणि मला वाटतं खरं वेड इथून लागतं. कुनियो ओकावारांनी रेखाटलेला हा एकडोळ्या रोबो गोष्टीत कारखान्यातून शेकड्याने निघतो. गंडम एक पुरतो. झाकू एक असून काय उपयोग? त्याची पलटण हवी. एकाला चिखल फास, दुसऱ्याच्या छातीला तापवलेल्या सुईने भोक पाड. मालिका अकाली संपली, पण तिच्यातलं युद्ध तुझ्या टेबलावर चालूच राहतं. बंद पडलेल्या मालिकेला मुलांनी दिलेलं याहून मोठं प्रेम मला माहीत नाही.

पुनःप्रक्षेपणांनी प्रेक्षक वाढत जातात. 22 फेब्रुवारी 1981 ला टोकियोत शिंजुकू स्टेशनबाहेर गंडमसाठी हजारो तरुण जमतात, तोमिनो मंचावरून बोलतात. मार्चमध्ये मालिकेवरचा पहिला चित्रपट लागतो.

आणि आता तू दुकानापुढच्या रांगेत आहेस. गंडमचे खोके आले की तासाभरात संपतात. तुझा नंबर लागतो. शेवटचा झाकू उरलाय. दुकानदार त्यावर एक न खपलेलं जहाजाचं मॉडेल ठेवतो. हे घेतलंस तरच तो मिळेल. मागची मुलं ढकलताहेत. तू मुठीतली नाणी मोजतोस, शेजारच्या मित्राकडून शंभर येन उसने घेतोस आणि दोन्ही खोके छातीशी धरून बाहेर पडतोस.