वस्तऱ्याला जोर चालत नाही

वस्तऱ्याला धार लावताना जोर द्यायचा नसतो. कोयतीवर हात बसलेल्या आम्हा रत्नागिरीकरांना हे पटायला वेळ लागतो. कोयती दगडावर दाबून, खसाखसा घासायची. वस्तऱ्याचं उलट आहे. आमच्या घरांचा जांभा त्याला चालत नाही. तो भरड आणि भोकाभोकांचा. वस्तऱ्याला बारीक कणांचा गुळगुळीत दगड हवा आणि त्यावर थोडं पाणी.

पातं दगडावर आडवं ठेवायचं. पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. धार पुढे ठेवून पातं सरकवायचं आणि दुसऱ्या टोकाला ते पाठीवरून उलटवायचं. जोर म्हणून पात्याचं स्वतःचं वजन जवळपास पुरतं. धारेजवळचं पोलाद इतकं पातळ असतं, की दाबलं तर ते वाकतं, कड एका बाजूला उलटते, कधी बारीक खाचा पडतात. अशी धार गालावर ओढते आणि कापते. शेवटी चामड्याचा पट्टा. तिथे पाठ पुढे आणि हात आणखी हलका.

आपल्याकडे हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, न्हाव्याच्या धोपटीत होतं. गावगाड्यात तो बलुतेदार. वर्षभर हजामत करायची आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं. या हलक्या हाताला एक जड कामही नेमून दिलेलं होतं: विधवांचं केशवपन. हुकूम घरच्यांचा आणि शास्त्र सांगणाऱ्यांचा, वस्तरा न्हाव्याचा.

आमच्या जिल्ह्यात हा इतिहास लांबचा नाही. देवरुखच्या गोदूबाई आणि पार्वतीबाई या सख्ख्या बहिणी. दोघींनाही कमी वयात वैधव्य आलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या मुरुडने, म्हणजे दापोलीजवळच्या त्यांच्या गावाने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पार्वतीबाई आठवले यांचं वपन झालेलं होतं. त्या कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने त्यांनी केस वाढवले. हे सारं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

पण वस्तरा धरणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होतं का? १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी ते म्हटलं. 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्यांनी सभा घेतली आणि विधवांचं वपन करायचं नाही, असं ठरवलं. मला वाटतं, हे शहरात घडलं यालाही अर्थ आहे. गावात नकार द्यायचा म्हणजे बलुत्यावर पाणी सोडायचं. शहरात गिऱ्हाईक रोख पैसे देतं, एक गेलं तर दुसरं येतं. तरीही मिळणारं काम नाकारणं हे कोणत्याही काळात सोपं नसतं.

आज रत्नागिरीतल्या सलूनमध्ये ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतात आणि दाढी झाली की टाकून देतात. रोगाची भीती टळते, दगडाची गरजही उरत नाही. धोपटीतलं ते ज्ञान आता मोजक्या म्हाताऱ्या बोटांत राहिलं आहे. ते जरूर शिकून घ्यावं. फक्त, वस्तऱ्याचा इतिहास सांगताना धार लावणाऱ्याच्या कसबाइतकंच त्या नकाराचंही नाव घ्यावं.