खतावरचा आकडा आणि खरी किंमत

कराडच्या एका वाचकाचा गेल्या आठवड्यात फोन आला. फ्लॅटचं २४ लाखांचं कर्ज बाकी आहे. दुसरी बँक कमी व्याज घेते म्हणून कर्ज तिकडं न्यायचं ठरवलं. व्हॅल्युएशनची फी भरली. व्हॅल्युअर आला, दहा मिनिटं फिरला, फोटो काढले आणि किंमत लावली २६ लाख. त्याच बिल्डिंगमधला तेवढाच फ्लॅट चार महिन्यांपूर्वी ३८ लाखांना गेलाय. बँक किमतीच्या ८० टक्के देणार, म्हणजे २० लाख ८० हजार. वरचे ३ लाख २० हजार खिशातून घाला, नाहीतर जुनंच जादा व्याज भरत बसा. तो म्हणाला, "दादा, ह्या आकड्यावर अपील कुठं करायचं?"

मंडळी, हा प्रश्न आपल्याकडं दीडशे वर्षं जुना आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात सावकारांविरुद्ध उठाव झाला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला, सातारा जिल्ह्यातही त्याची झळ लागली. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांची मागणी एकच होती : रोखे, हुकूमनामे आणि वह्या बाहेर काढा. ते कागद जाळले गेले. का? कारण भांडण कागदावरच्या आकड्याशी होतं. घेतले किती, लिहिले किती आणि जमीन किती रुपयांत अडकली, हे सगळं सावकाराच्या लेखणीत होतं. ज्याचा अंगठा होता त्याला ते वाचताही येत नव्हतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. खुद्द सांगली आणि मिरज मात्र पटवर्धनांची संस्थानं, त्यामुळं इंग्रज मुलखाचा हा कायदा तिथं आपोआप चालत नव्हता. कृष्णेच्या एका गावात कायदा आणि पलीकडच्या गावात नाही, असाही प्रकार असणार.

या कायद्यातली खरी ताकद एका गोष्टीत होती. कोर्टानं समोरच्या रोख्यावर विसंबून राहायचं नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशोब उघडायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं काढायचं. नवे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचे, म्हणजे काय लिहिलंय ते कुळाला कळेल.

सावकारही हुशार होते. गहाणखतावर कोर्ट खोलात जातं म्हटल्यावर त्यांनी सरळ खरेदीखत मागायला सुरुवात केली. पैसे कर्जाऊ, पण कागद विक्रीचा, आणि विक्रीची किंमत म्हणजे कर्जाएवढीच रक्कम. "पैसे फेड, जमीन परत देतो," हे नुसतं तोंडी. म्हणजे चांगली बागायत पडेल किमतीत कायमची जायची. म्हणून पुढं कायद्यात दुरुस्ती झाली : कागद विक्रीचा असला तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता, हे शेतकऱ्याला सिद्ध करता येऊ लागलं. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये आलेल्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यातही ही तरतूद राहिली.

मधल्या काळात १९३५ साली मुंबई इलाख्याची प्रांतिक सहकारी भूतारण बँक निघाली. पुढच्या भूविकास बँकेचं हे मूळ. सावकाराचं जुनं देणं फेडायला जमिनीच्या तारणावर कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज देणं हे तिचं मोठं काम. आज आपण ज्याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतो, ते हेच की ओ! फरक एवढाच, की जमिनीची किंमत लावायचं काम सावकाराकडून अधिकाऱ्याकडं गेलं. आता ते व्हॅल्युअरकडं आलंय.

आज एकाच घराला तीन किमती असतात. बाजारात मिळते ती, रेडीरेकनरची, आणि बँकेच्या व्हॅल्युअरची. रेडीरेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी असतो. असं शुल्कासाठी केलेलं दरपत्रक भूसंपादनात बाजारभावाचा पुरावा ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या जवाजी नागनाथम खटल्यात सांगितलं. व्हॅल्युअरची नेमणूक बँक करते. हप्ते थकले आणि लिलाव करायची वेळ आली तर किती येतील, ही धास्ती त्याच्या आकड्यात असते. ती धास्ती खोटी नाही. सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलाय. पण पाणी दोन गल्ल्या पलीकडं थांबलं असताना किंमत तुमची उतरवली, तर तो सावधपणा नव्हे, चूक आहे.

मग करायचं काय? फी तुम्ही भरलीय, तर अहवालाची प्रत लेखी मागा. त्यात क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचं वय, पूररेषा बरोबर आहे का बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू मिळतो. शेजारच्या दोन-तीन ताज्या विक्री काढा आणि अर्जाला जोडून दुसऱ्या पॅनेल व्हॅल्युअरकडून फेरमूल्यांकन मागा. तरी जमलं नाही तर तिसरी बँक बघा. फ्लोटिंग व्याजाच्या गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासून बंद केलंय. आणि जुन्या बँकेलाही विचारा. दुसरीकडं जातोय म्हटल्यावर व्याज कमी करायला ती कधी कधी तयार होते.

तक्रारीला बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पण तो कर्ज द्या असा हुकूम करणार नाही, किंमत वाढवूनही देणार नाही. त्या वाचकाला मी तेच सांगितलं : आकड्यावर सरळ अपील नाही.

आणि दुखणं इथंच आहे. १८७९ च्या कायद्यानं साताऱ्याच्या निरक्षर कुळाला एक हक्क दिला होता, की कागदावरचा आकडा कसा आला ते कोर्ट उघडून बघेल. आज शिकलेला, पगारदार, वेळेवर हप्ते भरणारा माणूस स्वतःच्या पैशानं मूल्यांकन करून घेतो आणि पुष्कळदा त्याला तो अहवाल वाचायलाही मिळत नाही. बँकेनं किती कर्ज द्यावं हे बँकेनं ठरवावं. पण ज्याच्या घराची किंमत लावली, त्याला ती कशी लावली हे लेखी मिळालंच पाहिजे, असा नियम मागायला काय हरकत आहे? आपल्या आमदार-खासदारांना भेटाल तेव्हा रस्त्याबरोबर हेही विचारा.