जवारी आणि फझ : मिरज-कोल्हापूर परिसरातील तंबोऱ्याचा नाद व त्याच्या आधुनिक प्रतिकृती

प्रस्तावना

वाद्याचा ध्वनी स्वच्छ असावा, त्यात खरखर नसावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संगीताच्या इतिहासात मात्र या समजुतीला छेद देणाऱ्या दोन ठळक परंपरा आढळतात. एक भारतीय तंतुवाद्यांमधील जवारीची, तर दुसरी इलेक्ट्रिक गिटारच्या 'फझ' या ध्वनीची. जवारीत तार घोडीच्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करते आणि स्वराला गुंजारवाची झालर लाभते. फझमध्ये पायाने चालू-बंद करावयाच्या लहानशा पेटीतून, म्हणजे पेडलमधून, गिटारचा विद्युतसंकेत जातो आणि तेथे तो हेतुतः विकृत केला जातो. दोन्हींचे मूळ, काळ आणि समाज भिन्न आहेत. परंतु तथाकथित दोषालाच गुणाचे स्थान देण्याची वृत्ती समान आहे.

या दोन्ही ध्वनींच्या आधुनिक प्रतिकृती आज उपलब्ध आहेत. जुन्या फझ पेडलांच्या हुबेहूब आवृत्त्या कारखान्यांतून तयार होतात, तर तंबोऱ्याचा नाद इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरून ऐकू येतो. प्रतिकृतीमुळे मूळ परंपरेतील नेमके काय टिकते व काय निसटते, याचा मिरज-कोल्हापूर परिसराच्या संदर्भात शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिरजेतील वाद्यनिर्मितीची पार्श्वभूमी

मिरज येथील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. शस्त्रांना धार लावणे व ती उजळणे हा शिकलगार समाजाचा परंपरागत व्यवसाय. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर शस्त्रांची मागणी ओसरली आणि या कारागिरांना नवे क्षेत्र शोधणे भाग पडले. फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरा व सतार यांच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून स्वतंत्र निर्मितीपर्यंत मजल मारली, असे मिरजेची परंपरा सांगते. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींचा आश्रय या व्यवसायास उपकारक ठरला. पुढे या घराण्यांतील अनेकांनी 'सतारमेकर' हेच आडनाव धारण केले. पात्याची धार बोटाने पारखणारा हात घोडीचा पृष्ठभाग पारखू लागला, ही बाब लक्षणीय आहे. दोन्ही कामांत केसाएवढ्या फरकाला महत्त्व असते.

कच्च्या मालाच्या दृष्टीनेही हा व्यवसाय विस्तृत प्रदेशाशी बांधलेला आहे. तंबोऱ्यासाठी लागणारे मोठे कडू भोपळे प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. ते वाळवून, पोकळ करून त्यांवर लाकडी तबली व दांडी बसविली जाते.

या वाद्यांना जवळच मर्मज्ञ ग्राहक लाभला. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला आणि दोन्ही शहरांतील दळणवळण सुलभ झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९५ मध्ये, उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी रुजू झाले. महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने कोल्हापुरात होते. त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांनी पुढेही कोल्हापुरात विद्यादान केले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबमुळे शहरात जाणकार श्रोतृवर्ग घडला. खुद्द मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे दीर्घ वास्तव्य होते. १९३७ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफनही तेथील ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात झाले. तंबोऱ्याच्या सुरात किंचित उणीव राहिली तरी ती ज्यांना सहन होत नसे, असे गायक हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मिरजेच्या कारागिराची सतत परीक्षा होत राहिली. मिरजेच्या तंबोऱ्याच्या गुणवत्तेमागे गायक आणि कारागीर यांच्यातील हा अखंड संवाद आहे.

जवारीचे शास्त्र व कारागिरी

जवारीची कल्पना प्राचीन आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात एकतंत्री वीणेच्या वर्णनात 'जीवा' या घटकाचा उल्लेख येतो. तार व घोडीवरील पत्रिका यांच्यामध्ये ठेवलेल्या या बारीक तुकड्यामुळे नादाला विशेष गुण प्राप्त होतो. आजच्या तंबोऱ्यात हेच कार्य सुताचा धागा करतो.

तंबोऱ्याची घोडी सपाट दिसली तरी तिच्या पृष्ठभागाला अत्यंत सूक्ष्म उतार असतो. छेडलेली तार कंपन पावताना या उतारावर टेकते व उठते. परिणामी तारेचा कंप पावणारा भाग क्षणोक्षणी किंचित बदलतो आणि मूळ स्वराची ऊर्जा वरच्या स्वयंभू स्वरांकडे वळते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याविषयी महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्यांचा निश्चल बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा प्रस्थापित नियम होता. तंबोरा व वीणा यांत ते स्पष्टपणे उमटतात, हे रामन यांनी दाखवून दिले आणि त्याचे श्रेय घोडीच्या विशिष्ट घडणीस दिले.

भौतिकशास्त्राने १९२१ मध्ये जे स्पष्ट केले, ते कारागीर कानसेच्या साहाय्याने आधीपासूनच साधत होता. जवारी काढताना तार सैल करून बाजूला घ्यावी लागते. घोडी किंचित घासावयाची, तार पुन्हा चढवून सुरात आणावयाची, ऐकावयाचे आणि पुन्हा घासावयाचे, असा हा क्रम आहे. पंचम, दोन जोड आणि खर्ज या प्रत्येक तारेखालील पृष्ठभाग स्वतंत्रपणे जमवावा लागतो. जवारी अधिक खुली झाल्यास नाद पसरट होतो. अधिक बंद झाल्यास तो मुका वाटतो. त्यातही गायकाची पट्टी, आवाजाचा पोत आणि आवड यांनुसार योग्य जवारीची व्याख्या बदलते.

शिवाय हे काम कधीच कायमचे पूर्ण होत नाही. सततच्या वापराने तार घोडीवर बारीक चरे पाडते, नाद बसू लागतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. जवारी ही वाद्यासोबत एकदाच विकता येणारी वस्तू नसून पुनःपुन्हा करावयाची क्रिया आहे. प्रतिकृतीच्या प्रश्नाचा विचार करताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.

फझ : अपघातातून परंपरेकडे

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील फझचा इतिहास तुलनेने अर्वाचीन आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांचे 'डोन्ट वरी' हे गीत ध्वनिमुद्रित होत असताना ध्वनिमिश्रण यंत्राच्या एका मार्गिकेत बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा ध्वनी खरखरीत उमटला. तो काढून न टाकता तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ मध्ये ते गीत लोकप्रिय झाले. तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी याच बिघाडाची नक्कल करणारे मंडल रचले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये मेस्ट्रो या नावाखाली 'फझ-टोन' म्हणून बाजारात आणले. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन विद्युतघट एवढाच त्याचा संभार होता. याच्या साहाय्याने गिटारमधून तुतारीसारख्या वाद्यांचे ध्वनी निघतात, अशी जाहिरात करण्यात आली. तथापि आरंभीच्या उत्सुकतेनंतर मागणी मंदावली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या वृंदाच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीताने चित्र पालटले. पाठोपाठ इंग्लंडमध्ये १९६५ मध्ये 'टोन बेंडर' व १९६६ मध्ये 'फझ फेस' ही पेडले आली.

येथे दोन परंपरांची प्रत्यक्ष गाठ पडते. १९६५ मध्ये यार्डबर्ड्स या इंग्रजी वृंदाने 'हार्ट फुल ऑफ सोल' या गीतासाठी प्रथम सतारवादकास पाचारण केले होते. तो प्रयोग मनाजोगा न झाल्याने जेफ बेक यांनी गिटारवर फझच्या साहाय्याने सतारीचा आभास निर्माण केला. १९६७ मध्ये तर व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेतील 'कोरल' इलेक्ट्रिक सतार बाजारात आली. तिच्यात गिटारलाच रुंद, सपाट घोडी बसवून जवारीसदृश गुंजारव साधला होता.

साम्य असले तरी दोन्हींची कार्यपद्धती भिन्न आहे. फझमध्ये ट्रान्झिस्टरच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या विद्युतलहरीचे माथे छाटले जातात व त्यातून नवे उपस्वर जन्मतात. दोन स्वर एकत्र वाजविल्यास त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे परके स्वरही त्यात मिसळतात. म्हणून फझ एकेरी स्वरावलीत अधिक खुलतो. जवारीत प्रत्येक तारेचे उपस्वर त्या तारेतूनच, छेडल्यानंतर क्रमाक्रमाने उमलतात. चार तारांचे नाद एकमेकांत मिसळूनही परस्परांस गढूळ करीत नाहीत.

प्रतिकृतींचा काळ

फझ पेडलांची मूळ बांधणी जर्मेनियमवर आधारित होती. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तापमानानुसार वागणूक बदलतात आणि एकाच प्रकारच्या दोन नगांतही फरक आढळतो. एकोणिसशे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा सिलिकॉनने घेतली व ध्वनी अधिक प्रखर झाला. कालांतराने जुन्या ध्वनीची ओढ निर्माण झाली. जुनी पेडले संग्राहकांच्या हाती गेली आणि 'फझ फेस'च्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. २०२२ मध्ये गिब्सननेही मेस्ट्रो नावाचे पुनरुज्जीवन करून नवा 'फझ-टोन' सादर केला. हे शक्य झाले याचे मुख्य कारण म्हणजे फझचे मंडल कागदावर आखता येते. घटकांची मूल्ये मोजता येतात, जुने ट्रान्झिस्टर तपासून त्यांच्या जोड्या लावता येतात. हात बदलला तरी आराखडा उरतो.

तंबोऱ्याच्या बाबतीतही सामग्रीत बदल झाला. पूर्वी उत्तम घोडीसाठी हस्तिदंत वापरला जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला. हाड, कठीण लाकूड आणि कृत्रिम पदार्थ यांची घोडी आता प्रचलित आहे. पदार्थ बदलला की कानसेचा दाब आणि चरे पडण्याचा वेगही बदलतो, म्हणजेच कारागिराला जुने कौशल्य नव्याने आत्मसात करावे लागते.

याहून मोठा बदल १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. बंगळूरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तंबोरा प्रचारात आणला. पुढे प्रत्यक्ष तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित नमुने साठविणारी यंत्रे आली आणि त्यानंतर भ्रमणध्वनीवरील सुविधा. या साधनांचे उपकार नाकारता येणार नाहीत. सुमारे चार-पाच फुटांचे नाजूक वाद्य घेऊन प्रवास करणे अवघड असते. साथीला तंबोरा धरणारा मिळतोच असे नाही. लहान घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला या यंत्रामुळे नित्य रियाज शक्य झाला.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही आहे. नमुन्यावर आधारित यंत्र हे एका विशिष्ट तंबोऱ्याच्या, एका विशिष्ट दिवशीच्या जवारीचे चित्र असते. ते उतरत नाही, बसत नाही; म्हणून ते कारागिराकडे न्यावेही लागत नाही. पूर्वी विद्यार्थी तंबोरा लावताना खुंटी, मणी आणि धागा यांच्याशी झगडत स्वर ओळखावयास शिके. यंत्रात स्वर तयार मिळतो. ज्या गायकाला जवारीतील दोष ऐकू येत नाही, तो कारागिराकडून तिच्या गुणाची अपेक्षाही करू शकत नाही. अशा रीतीने मागणीबरोबर परीक्षक कानही उणावतो.

संरक्षणाचा प्रश्न

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अन्यत्र तयार झालेली वाद्ये मिरजेच्या नावाने विकली जाऊ नयेत, यासाठी हे मानांकन निश्चितच उपयुक्त आहे. तथापि मानांकन नाव आणि स्थळ यांचे रक्षण करते. हातातील कौशल्याचे हस्तांतरण ते घडवून आणू शकत नाही. भोपळ्याचा आकार, दांडीची लांबी व लाकडाची जात यांची नोंद करता येते. घोडी कोठे आणि किती घासावयाची, याचा निर्णय मात्र कानाने होतो व तो वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनेच अंगी बाणतो.

या संदर्भात फझच्या इतिहासातून एक धडा घेता येतो. तेथे प्रतिकृती यशस्वी झाल्या, कारण नव्या पेडलाची तुलना जुन्याशी करणारे वादक शिल्लक होते. दोन पेडलांतील फरक ऐकू येणारा ग्राहक असल्यामुळेच उत्पादकास जर्मेनियमकडे परतावे लागले. मिरजेच्या जवारीलाही अशाच ग्राहकाची गरज आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. जवारी व फझ या दोन्हींत ध्वनीतील दोषाला सौंदर्यमूल्य प्राप्त झाले. फझचे मर्म मंडलात असल्याने त्याची प्रतिकृती मूळ परंपरेला पूरक ठरू शकली. जवारीचे मर्म पुनःपुन्हा करावयाच्या क्रियेत असल्याने तिच्या ध्वनीची नक्कल झाली तरी क्रिया जतन होत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा हा रियाजाचा सोबती म्हणून स्वागतार्ह आहे. परंतु तो जवारीचा वारस नव्हे.

म्हणून कोल्हापूर-सांगली परिसरातील संगीत विभागांनी आणि महाविद्यालयांनी प्रत्यक्ष तंबोरे वापरात ठेवणे, ते ठरावीक काळाने मिरजेच्या कारागिरांकडून जुळवून घेणे आणि विद्यार्थ्यांना ती क्रिया जवळून पाहू-ऐकू देणे आवश्यक आहे. अशा नियमित कामामुळे कारागिराला उत्पन्न मिळेल, त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यास उमेदवारी मिळेल आणि विद्यार्थ्याचा कान तयार होईल. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी संपली तेव्हा शिकलगारांच्या हाताला तंबोऱ्याने काम दिले. आज त्याच हाताला काम देत राहण्याची जबाबदारी तंबोऱ्याच्या साथीने गाणाऱ्यांवर आणि गाणे शिकविणाऱ्या संस्थांवर आहे.