उजिरेहून बिदरकडे : करून शिकवणाऱ्या शाळेची वाटचाल

धंदा शिकवून येतो का, याची एक मोठी परीक्षा 1964 साली बिदरच्या शेजारी, हैदराबादेत झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी काकीनाडाच्या व्यापाऱ्यांना तिथल्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावले. व्याख्याने बेताची, खेळ भरपूर. खुंटीवर कडी फेकायची, पण किती अंतरावरून ते ज्याचे त्याने ठरवायचे. खुंटीला खेटून उभा राहणारा जोखीम टाळतो, फार लांब जाणारा नशिबावर हवाला ठेवतो. पुढे पाहणी झाली तेव्हा हे शिक्षण घेतलेले व्यापारी इतरांपेक्षा अधिक धडपड करताना दिसले.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात ही पद्धत आली ती मात्र वळसा घेऊन. 1982 साली दक्षिण कन्नडमधल्या उजिरे इथे धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला सोबत घेऊन ‘रुडसेटी’ काढली. ग्रामीण बेरोजगारांसाठी मोफत, निवासी आणि थोड्या दिवसांचे प्रशिक्षण. 2009 पासून केंद्र सरकारने हाच नमुना जिल्ह्याजिल्ह्यांत नेला आणि संस्था चालवण्याची जबाबदारी बँकांवर टाकली. बिदर आणि कलबुर्गीच्या ‘आरसेटी’, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, त्यातल्याच.

इथल्या शिकवण्यात मनोऱ्याचा खेळ असतो. डोळ्यांवर पट्टी, हातात ठोकळे आणि शेजारी सूचना देणारे दोघे. किती ठोकळे रचणार, ते आधी सांगायचे. मनोरा कोसळला की चर्चा सुरू होते : आकडा कशाच्या जोरावर सांगितला? कोणाचे ऐकले? मग बाजारपाहणी. शिवणकाम शिकणारीने ब्लाउजची शिलाई, अस्तराचा भाव आणि गावातली उधारी स्वतः विचारून यायचे आणि त्यावरच कर्जासाठीचा प्रकल्प लिहायचा.

माझ्या मते खरी कमाई त्यानंतरची आहे. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा होतो, कर्जासाठी बँकेशी गाठ घालून दिली जाते. व्यवस्थापनाची पदवी देणाऱ्या किती महाविद्यालयांना आपल्या विद्यार्थ्याचे दुकान पाहायला जावेसे वाटते? त्यांनी एक सत्र तरी बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बाजारात घ्यावे.

औराद, भालकी, बसवकल्याण पट्ट्यात अनेक घरांत मराठी आणि कचेरीत कन्नड. अशा घरांतल्या मुलीला हिशेबाची वही मराठीत मांडू द्यावी, ही संस्थांना विनंती. आणि वाचकांना एवढेच सांगणे : घरात कोणी 18 वर्षांपुढचे, काम शोधणारे असेल, तर जिल्ह्याच्या आरसेटीत जरूर पाठवा. राहणे, जेवण, शिकणे, सगळे मोफत आहे.